रेडिओची कात्री आणि विहिणीचा सुतार

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत खाली बॉलबेअरिंगचं गोदाम आणि वर खाजगी रेडिओ स्टेशन, अशा इमारतीत मी एकवीस वर्षं नोकरी केली. कागदोपत्री पद 'ऑडिओ एडिटर'. ऑफिसात मात्र मला सगळे 'कात्री' म्हणत. नाहूरला आमच्या सोसायटीत अजून लोकांचा समज आहे की पेडणेकर रेडिओवर गाणी लावायचे. मी गाणी लावत नव्हतो. लावण्याआधी त्यांतले शब्द काढत होतो. रेडिओ ऐकताना मध्येच गायिकेला उचकी लागल्यासारखं तुम्हाला कधी वाटलं असेल, तर ती उचकी तिची नव्हे, माझी.

काम समजायला सोपं आहे. संगणकाच्या पडद्यावर गाणं डोंगररांगेसारखं दिसतं. एकेक शब्द म्हणजे एकेक उंचवटा. नको असलेला शब्द कान लावून शोधायचा, तेवढाच उंचवटा पकडायचा आणि मग तीनपैकी एक काहीतरी करायचं. एक तर तो गप्प करायचा, नाहीतर उलटा फिरवायचा, नाहीतर त्याच्यावर 'बीप'चा भोंगा बसवायचा. भोंगा हे नवशिक्याचं काम, मी ते कधी केलं नाही. उलटा फिरवलेला शब्द सगळ्यांत बेमालूम. गायक काहीतरी पंजाबी म्हणाला असेल असं समजून ऐकणारा पुढे जातो.

कापलेले तुकडे मी फेकत नसे. आमच्या घरात पुड्यांचा दोरासुद्धा कोणी फेकलेला नाही, तीच सवय. 'कचरा' नावाचं एक फोल्डर केलं होतं, त्यात सगळं ठेवत गेलो.

या धंद्यातला धडा मला पहिल्याच वर्षी मिळाला. एका गाण्यात 'उशी' असा शब्द होता. बाकी गाणं एकदम सभ्य, पण कुठल्याशा मंडळाचं पत्र आलं की ही उशी घरातल्या लहान मुलांवर वाईट परिणाम करते. आमचे तेव्हाचे साहेब घाबरट. त्यांनी उशी काढायला लावली. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले की तिथे कुठला शब्द होता? घाटकोपरच्या एका गृहस्थांनी सांगितलं, आमच्या घरी चौघांनी चार शब्द सुचवलेत आणि चारही तुम्हाला फोनवर सांगता येत नाहीत. शेवटी आम्ही उशी परत ठेवली. तर त्याच मंडळाचं पुन्हा पत्र आलं, आता तुम्ही तो शब्द मुद्दाम मोठ्याने वाजवता. रिकामी जागा ठेवली की लोक ती आपापल्या मनातल्या शब्दाने भरतात, एवढं मला तेव्हा कळलं. पण पगार कापण्याचा होता, म्हणून मी कापत राहिलो.

तक्रार करणाऱ्यांतले आमचे मानकरी म्हणजे बोरिवलीचे श्री. धुरी. बँकेतून निवृत्त झालेले. दर सोमवारी सव्वाअकराला त्यांचा फोन यायचा. रिसेप्शनवरची मुलगी तो न विचारता माझ्याकडे वळवायची, कारण ऑफिसात शांतपणे मराठी ऐकून घेणारा मी एकटाच. धुरी कधी चिडत नसत. वही समोर घेऊन बोलत. अमुक गाणं, अमुक वाजता, दुसऱ्या कडव्यातली तिसरी ओळ, आक्षेप असा असा. एवढं सगळं टिपायचं म्हणजे माणूस दिवसभर रेडिओला कान लावून बसत असला पाहिजे. आमच्या जाहिरात विभागाला असा श्रोता दिवा घेऊन शोधूनही मिळाला नसता. ते मला 'एडिटर साहेब' म्हणत, मी त्यांना 'धुरी साहेब'. सहा-सात वर्षांत ना त्यांनी माझं नाव विचारलं, ना मी त्यांचा चेहरा पाहिला. एखाद्या सोमवारी फोन आला नाही तर मला चुकल्यासारखं वाटे, हे कबूल करतो.

मग ते गाणं आलं. सिनेमातलं लग्नाचं गाणं, ढोलकी आणि खाली दणकणारा आधुनिक ठेका. नवरीच्या मैत्रिणी नवऱ्याच्या आईला भर मांडवात चिडवतात. ही जाडजूड विहीण दोन पाटांवर बसली, एक पाट मोडला, दुसरा कुरकुरला. दुसऱ्या कडव्यात व्याह्यांची पाळी. तो इकडे बघतो, तिकडे बघतो, वगैरे. गाणं पंधरा दिवसांत घरोघरी गेलं. गणपतीत सोसायट्यांच्या स्टेजवर पाच-पाच वर्षांच्या मुली कमरेवर हात ठेवून ते नाचू लागल्या आणि तिथून आग लागली. मुलुंडच्या एका शाळेने स्नेहसंमेलनातून ते गाणं काढलं. टीव्हीवर चर्चा झाल्या, सह्यांचे कागद फिरले. पिढी बिघडली, वडीलधाऱ्यांचा मान गेला, संस्कृतीची वाट लागली, असं जो तो म्हणू लागला. धुरींचा तर एकाच दिवसात तीनदा फोन आला.

"विहिणीची अशी टवाळी आपल्या संस्कृतीत कुठे आहे, ते मला दाखवा, एडिटर साहेब," ते म्हणाले. "एक तरी जुनं गाणं दाखवा."

मला एक काय, दहा दाखवता आली असती. आमच्या घरातच होती. माझी आत्या, भागीरथी तिचं नाव, नवरा गेल्यावर मालवणकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली ती कायमची. भांडुप-नाहूरच्या चाळींमध्ये कोकणातल्या माणसांचं लग्न असलं की हळदीला भागीआत्या हवीच, असा एक काळ होता. पुढे चाळी पाडून टॉवर झाले, हळदीला डीजे आला आणि आत्याला बोलावणं येईनासं झालं. ती त्याबद्दल बोलत नसे. नवीन लग्नपत्रिका आली की मात्र हळदीची वेळ कितीची आहे ते वाचून दाखवायला सांगायची.

ते सिनेमाचं गाणं एके सकाळी रेडिओवर लागलं तेव्हा ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. हात थांबला. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "ह्या आमचाच गाणा. पण अर्ध्यार सोडल्यानी. सुतार खंय गेलो?" कसला सुतार म्हणून मी विचारलं नाही. मला ऑफिसला उशीर होत होता. आणि त्या दिवशी ऑफिसात माझं काम होतं ते त्या गाण्याचं दुसरं कडवं काढण्याचं. प्रोग्रॅमच्या मॅडमनी सांगितलं, तक्रारी फार आल्या, व्याही उडवा. मी अख्खं कडवं उचललं, कचऱ्यात ठेवलं आणि पहिलं आणि तिसरं कडवं असं जोडलं की ढोलकीच्या ठोक्यालासुद्धा कळू नये. त्या जोडावर मी खूश होतो. सोमवारी धुरींनी फोन करून आभार मानले.

त्यानंतर चारच महिन्यांनी माझी मुलगी मीनल म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय. केतन धुरी. बोरिवलीचा आहे. त्याचे पप्पा बँकेतून रिटायर झालेत. जरा शिस्तीचे आहेत. रेडिओ फार ऐकतात."

मी चहाचा कप खाली ठेवला.

ते लोक नाहूरला आले त्या रविवारी मी ठरवलं होतं की आवाज ओळखू येईल एवढं बोलायचंच नाही. पहिला अर्धा तास मी 'हो' आणि 'घ्या ना' यांवर काढला. तिसऱ्यांदा 'घ्या ना' म्हटलं तशी धुरींनी बशी खाली ठेवली आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. "एडिटर साहेब?" त्यांनी विचारलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघंच बोलत होतो. मुलं आपल्या लग्नाचं बोलायचं म्हणून ताटकळत बसली होती. निघताना मात्र त्यांनी एकच अट घातली. देणंघेणं काही नको, मानपान नको, फक्त हळदीला ते गाणं नको आणि तसलं कुठलंच नको. तुम्ही असताना मला काळजी नाही, असंही वर म्हणाले. मी छाती काढून हो म्हटलं. त्यांच्या पत्नी सुनंदाताई शेजारीच होत्या. त्या हातातल्या रुमालाची घडी करत होत्या.

आत्या लग्न ठरल्या दिवसापासून तयारीला लागली होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण आवाज अजून पत्र्याच्या छपरापर्यंत पोचणारा. सकाळी तांदूळ निवडताना, दुपारी वाती वळताना तिची जुळवाजुळव चाले. विहिणीचं नाव काय, माहेर कुठलं, अंगापिंडाने कशी, व्याही घोरतात का, असे प्रश्न ती मीनलला विचारी आणि मीनल केतनला विचारून उत्तरं आणी. घरात कित्येक वर्षांत आत्या एवढी खुशीत मी पाहिली नव्हती. तिला वाचता येत नाही, म्हणून एके दिवशी मीच गाणं कागदावर उतरवून घेतलं आणि मग सवयीने लाल पेन काढलं.

पाट मोडतो तो भाग काढला. व्याह्यांचं कडवं काढलं. आणखी एक ओळ होती, ती इथेही लिहीत नाही, इतकी सवय मुरली आहे. काढलेल्या जागी 'विहीणबाई गुणाच्या, सोन्याच्या मनाच्या' असं काहीतरी भरलं. तिला वाचून दाखवलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"विहिणीक चिडवक नाय," ती म्हणाली, "तर ती लग्नाक इली, ह्या तिका कळतला कसा?"

मी तिला समजावलं. माणसं शिस्तीची आहेत, मीनलला त्या घरात नांदायचं आहे, काळ बदलला आहे. आत्याने निवडलेले तांदूळ डब्यात भरले आणि झाकण लावलं. मग मी गाणा म्हणूचंय नाय, एवढंच बोलली. त्यानंतर घरात तिचं गुणगुणणंही बंद झालं. बायको माझ्याशी आठवडाभर तुटक वागली. मी मनात म्हटलं, एका म्हातारीच्या गाण्यापेक्षा मुलीचा संसार महत्त्वाचा. आज हे वाक्य लिहिताना लाज वाटते.

हळद आमच्या सोसायटीच्या आवारात होती. मी स्वतः पेनड्राइव्ह भरला होता. एकूण चाळीस गाणी, प्रत्येक गाणं दोनदा तपासलेलं. शंका घ्यायला जागा नव्हती. संध्याकाळी सहाला बोरिवलीहून उष्टी हळद आली. म्हणजे नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद त्याच्याकडच्या बायका नवरीसाठी घेऊन येतात, ती. करवलीला पाठवलं तरी चालतं, पण सुनंदाताई स्वतः आल्या होत्या. जरीची हिरवी साडी, अंबाडा, त्यावर भरगच्च गजरा. मागे धुरी साहेब, पाहणी करायला.

हळद लागली. पेनड्राइव्ह सुरू झाला. मुली नाचल्या, पण शाळेच्या कवायतीसारख्या. सुनंदाताई पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. आधी चहा नको म्हणाल्या, मग सरबत नको, मग जेवायलाच बसेनात. बायको घाईघाईने माझ्याकडे आली आणि कानात म्हणाली, विहीणबाई रुसल्यात, काय चुकलं ते बघा. आम्ही सगळं तपासलं. ओटी भरली होती, नारळ चांगला होता, पंखा त्यांच्याच दिशेला होता. मी धुरींना विचारलं तर त्यांनाही पत्ता नव्हता. ते म्हणाले, येताना तर गाडीत एकदम मजेत होती. मीनल दुरून आमच्याकडे बघत होती, गालाला हळद आणि डोळ्यांत पाणी. एकवीस वर्षांत मी इतका घाबरलो नव्हतो.

शेवटी सुनंदाताई उठल्या आणि सरळ आत्यापाशी गेल्या. आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून खुर्चीवर बसली होती. सुनंदाताई तिच्यासमोर वाकल्या.

"आत्या, माझं माहेर वेंगुर्ल्याचं," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात माझ्या आईने विहिणीला इतकी चिडवली की ती हसून हसून मांडवात बसली. मी आज मुलाची आई म्हणून आले, तर माझं कोणी नावसुद्धा घेतलं नाही. माझ्यात चिडवण्यासारखं काहीच नाही का?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. धुरी माझ्या शेजारीच उभे होते, आणि मी त्यांना दिलेला शब्द अजून ताजा होता. लाल रेघा मारलेला कागद माझ्या खिशात होता. मी जाऊन म्युझिक बंद केलं, आत्यापाशी गेलो आणि म्हटलं, आत्या, म्हण. सगळं म्हण. ती लगेच तयार झाली असती तर ती भागीआत्या कसली. आधी म्हणाली, घसो बसलो. मग म्हणाली, कागद बघून सांग, कुठलो शब्द चलात. मी कागद फाडायला निघालो तर तो माझ्या हातातून काढून घेतला, चार घड्या करून कमरेला खोवला आणि सुरुवात केली.

विहीण इली गो थाटामाटान,
बसली जेवक दोन पाटार,
एक पाट मोडलो, दुसरो कुरकुरलो...

इथे आत्या थांबली. मला वाटलं विसरली. तेवढ्यात सुनंदाताईंनी पदर कमरेला खोचला आणि तिच्यासमोर उभं राहून, तिच्यापेक्षा खणखणीत आवाजात ओळ पुरी केली.

सुतार खंय गो, सुतार खंय?

तेव्हा मला कळलं. ती शेवटची ओळ नवरीकडच्यांची नसतेच. ती विहिणीची. पाट मोडला तर तुमचा पाट कच्चा, बोलवा तुमचा सुतार, असं तिने उलट ठणकावायचं. तिथून दोन्हीकडच्या बायकांची जुगलबंदी सुरू होते. जिला चिडवलं तिला उत्तर द्यायचा हक्क असतो, आणि उत्तर देता यावं म्हणूनच तिला चिडवायचं असतं. सिनेमावाल्यांनी चिडवणं उचललं आणि उत्तर मागेच राहिलं. म्हणून ऐकणाऱ्याला तो अपमान वाटला. धुरींना वाटला तो काही उगाच नाही. ते बोरिवलीतच जन्मले, वाढले. अर्धं गाणं ऐकलं तर कोणालाही तसंच वाटेल. पण माझ्या घरात अख्खं गाणं तांदूळ निवडत बसलं होतं आणि मी ते विचारलं नाही.

आत्या थांबायला तयार नव्हती. तिने मोर्चा व्याह्यांकडे वळवला.

व्याही इलो गो बोरिवलीसून,
फोन करता गो कान धरून,
मुंबयची गाणी बंद केल्यान,
रातचा घोरणा बंद करतलो कोण?

सगळ्यांच्या माना धुरींकडे वळल्या. त्यांचे कान लाल झाले होते. सुनंदाताई पोट धरून हसत होत्या आणि हसता हसताच म्हणाल्या, "ह्याची तक्रार मी पस्तीस वर्षं करतेय, कोणी घेतच नाही." धुरींनी एकदा बायकोकडे पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली ही बाई त्यांनी अशी कधी पाहिली नसावी. मग त्यांनाही हसू फुटलं. त्यानंतरचा तासभर मी फक्त ऐकत होतो. वेंगुर्ल्याची आणि मालवणची अशी काही जुंपली की केटरिंगवाल्यांनी वाढणं थांबवलं. ओळी मी काही सांगत नाही. माझ्या कचरा फोल्डरमधलं सगळं त्यांच्यापुढे बालवाडीचं होतं.

आणि या सगळ्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. जन्मभर आवाजाच्या धंद्यात राहिलेला माणूस, खिशात फोन, घरात दोन रेकॉर्डर, आणि त्या संध्याकाळी एकही बटण दाबायचं सुचलं नाही. मुलींच्या फोनवर तुकडे आहेत, पण त्यांत हसण्याशिवाय काही ऐकू येत नाही.

पुढच्या सोमवारी सव्वाअकराला धुरींचा फोन आला, ऑफिसच्याच नंबरवर. घरचा नंबर असूनही ऑफिसला का, असं मी विचारलं तर म्हणाले, हे कामाचं आहे. तक्रार होती. त्या सिनेमाच्या गाण्यातलं दुसरं कडवं कुठे गेलं? मी सांगितलं, तुमच्या तक्रारीवरून काढलं. पलीकडे बराच वेळ वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "परत बसवता येतं का हो?"

मी मॅडमकडे गेलो आणि तक्रारदारानेच तक्रार मागे घेतल्याचं सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. मी फोल्डरमधला तो तुकडा काढला आणि जागेवर बसवला. एकवीस वर्षांत कापलेलं मोठं काही परत लावलं ते एवढंच. माझा तो नामी जोड उसवताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. घरी आत्याने ते पुरं गाणं रेडिओवर ऐकलं, समाधानाने मान हलवली आणि लगेच विचारलं, सुतार अजून कसो नाय इलो? मी तिला सांगितलं, तो आणणं माझ्या हातात नाही.

आत्या जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यांच्या खाली तो लाल रेघांचा कागद चार घड्यांत सापडला. वाचता न येणाऱ्या बाईने तो का जपला असेल, देव जाणे. मला तर वाटतं, माझी खोड जपून ठेवली होती. ते सिनेमाचं गाणं आता मागे पडलं आहे. रविवारी दुपारी जुन्या हिट गाण्यांच्या तासाला कधीतरी लागतं. नाहूरला मी पहिलं कडवं संपेपर्यंत ऐकतो आणि फोन हातात घेऊन बसतो. मिनिटभरात तो वाजतो.

"पेडणेकर," धुरी सांगतात, "सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली. सुतार आला."